गाय बसली ती जागा

एक भिक्षू झरा बुजवून कुटी उभारायला निघाला होता आणि एक उपासिका त्याला अडवत होती, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट सांगितली. पूर्वी वेत्रवती नगरीत सुयाम राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व तिथल्या घरे बांधणाऱ्यांचा प्रमुख होता. त्या नगरीची एक रीत होती. घराच्या जमिनीवर गाय मोकळी सोडायची. दुपारी ती जिथे बसून रवंथ करील, तिथे चूल मांडायची आणि चुलीभोवती घर उभे करायचे. गाईला ओल सोसत नाही, झळ सोसत नाही आणि कोणाची भीडही पडत नाही, असे जुनी माणसे म्हणत.

कुंदक नावाच्या श्रेष्ठीने राजरस्त्यालगत जमीन घेतली. तिच्यातून एक ओढा जाई, उन्हाळ्यात कोरडा. कुंदकाची गाय ओढ्याकडे ढुंकूनही न पाहता मागच्या उंचवट्यावर जांभळीखाली जाऊन बसली. श्रेष्ठीला तर रस्त्यावरून दिसणारे घर हवे होते. दुसऱ्या दिवशी त्याने गाईला ओढ्यातच खुंटीला बांधले, पुढे हिरवा चारा टाकला आणि ती बसताच बोधिसत्त्वाला बोलावणे धाडले.

"आचार्य, गाईने कौल दिला. ओढा बुजवा आणि जांभळी तोडून तुळया करा."

"बांधलेल्या गाईचा कौल कसला, श्रेष्ठी? काल मोकळी सुटली तेव्हा ती उंचवट्यावर बसली, हे रस्त्यावरून साऱ्यांनी पाहिले. ओढा गावाला गेला आहे, एवढेच. तो परत येईल."

"मग हे काम दुसरा करील. माझ्या ओळखीतले एकही काम तुमच्याकडे येणार नाही."

"हरकत नाही. जांभळींसकट तो उंचवटा तेवढा मला बांधायला द्या. तुमच्या गुरांना गोठा बांधून देतो. मजुरी नको."

फुकटाला कोण नाही म्हणतो? श्रेष्ठीने लगेच होकार दिला.

खाली ओढा बुजवून दगडी घर उठू लागले. वर बोधिसत्त्वाने उंच जोते घेतले, तिथलीच माती तुडवून भिंती घातल्या, वाऱ्याला वाट ठेवली. एक जांभळ आड आली, तर भिंतच वळवली. हाताखालचे कारागीर पोटामागे एकेक करून निघून गेले. त्याला फार वाईट वाटले, पण त्याने काम सोडले नाही. जाणारेयेणारे हसत, "प्रमुख आता गोठे बांधतात!"

त्याची पत्नी भद्रिका चिखल तुडवता तुडवता वैतागली. "अहो, गोठ्याला एवढी रुंद ओसरी? गुरे काय पाहुणे बोलावणार आहेत? ज्याने आपल्या पोटावर पाय आणला, त्याच्यासाठी एवढे कशाला?"

"घर चुकले, म्हणून आतली लेकरे चुकत नाहीत. ओढा येईल तेव्हा त्यांना पळायला जागा हवी. ती झाल्याशिवाय मी थांबणार नाही."

भद्रिकेने पदर खोचला आणि ती पुन्हा चिखलात उतरली.

भाद्रपदात डोंगरावर पाऊस कोसळला आणि एका सकाळी ओढा आपल्या वाटेने आला. श्रेष्ठीच्या दारातून आत शिरला आणि मागची भिंत घेऊन बाहेर पडला. कुंदक, त्याची म्हातारी आई, पोरेबाळे अंगावरच्या वस्त्रांनिशी उंचवट्यावर धावली. घरापुढची खुंटी उपटून गाय त्यांच्या आधीच येऊन बसली होती. भद्रिकेने पोरांची डोकी पुसली.

कुंदकाची मान वर होईना. "आचार्य, मी गाय बांधली होती."

"ठाऊक आहे."

"तरी माझ्यासाठी हा गोठा बांधलात?"

"गोठा नाही, तुमचे घरच बांधले. चूल कुठे मांडायची ते गाईने दाखवलेच होते."

गाईच्या गळ्यात दावे अजून लोंबत होते. कुंदकाने ते आपल्या हाताने सोडले आणि तिच्याशेजारी बसून तो रडला.

एवढे सांगून शास्ते म्हणाले, "झरा बुजवून कुटी उभारायला निघालेला हा भिक्षू तेव्हा कुंदक होता. त्याला अडवणारी ही उपासिका भद्रिका होती. घर बांधणारा तो मीच."

भिक्षू उठला आणि झऱ्यात टाकलेले दगड एकेक करून काढू लागला. दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेला निश्चय तडीस नेणे, याचे नाव अधिष्ठान पारमिता.