मोहोळावरचा मूक सदस्य

"चोर पकडून देणारं सॉफ्टवेअर घेऊ, की चोरी होऊच न देणारं?" श्रीरंगने विचारलं.

निरंजनबुवा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चोरी कशाची झाली?"

"बोलण्याची."

बुवांनी आणखी एक शेंग फोडली आणि दाणे परातीत टाकले.

"बरं..."

श्रीरंग टिळेकर पुण्याहून अंबाजोगाईच्या पलीकडच्या या मठात आला होता, तो दर्शनासाठी नव्हे. टिळेकरांच्या घरात फ्रीज घ्यायचा झाला तरी आधी बुवांना विचारायची रीत होती. वडील गेले, रीत राहिली. श्रीरंगचा स्वतःचा विश्वास बेताचाच. पण न विचारता घेतलेली वस्तू बिघडली तर आई जन्मभर ऐकवील, ही धास्ती मात्र खरी होती.

यावेळी प्रश्न फ्रीजचा नव्हता. 'मोहोळ' हा मधमाश्या पाळणाऱ्यांचा इंटरनेटवरचा कट्टा. तो श्रीरंग आणि वामन गुंजाळ या दोघा मित्रांनी मिळून सुरू केलेला. यंत्राचं श्रीरंग बघायचा, माश्यांचं वामन. आता तिथे हजारो माणसं येत होती आणि जुनं फुकटातलं सॉफ्टवेअर धापा टाकत होतं. पान उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. जुनं काही शोधायला जावं तर भलतंच हाती लागायचं.

"तीन बघून ठेवलीत," श्रीरंगने लॅपटॉप उघडला. "एक फुकट आहे, पण सगळी देखभाल आपण करायची. दुसऱ्यात कंपनी सांभाळते, महिन्याला पैसे भरायचे. आणि तिसरं..."

तो थांबला. दारात मठातली कौसाबाई चहा घेऊन उभी होती आणि तिची नजर लॅपटॉपवर होती. श्रीरंगने पडदा अर्धा मिटला.

"घ्या की भाऊ, गार व्हायलाय," म्हणत तिने कप ठेवला आणि ती गेली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसणार, हे श्रीरंगलाही माहीत होतं. तरी तिची पावलं पार लांब जाईपर्यंत तो बोलला नाही. अलीकडे त्याचं सगळ्यांच्याच बाबतीत असं झालं होतं.

"तिसरं?" बुवांनी विचारलं.

"तिसरं लक्ष ठेवतं. कोण कुठलं पान किती वेळ बघतो, कोण काय उचलून नेतो, सगळं मला कळवतं."

"तुला ते पाहिजे."

"मला नको असतं हो, बुवा! पण वेळच तशी आलीय. कट्टा चालवणाऱ्या आम्हा चार-पाच जणांची एक बंद खोली आहे. आम्ही तिथे बोललो की दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या एका कट्ट्यावर हजर. शब्दन् शब्द."

"कोण नेतो?"

श्रीरंगने आवाज खाली आणला.

"वामन."

"बघितलंस?"

"बघायला कशाला पाहिजे? त्या दुसऱ्या कट्ट्याच्या मेळाव्याला गेला होता तो. मला न सांगता. फोटोत हसतोय."

बुवा शेंगा फोडत राहिले. वामन इथे आधीच येऊन गेला असेल का, अशी शंका श्रीरंगच्या मनात आली. बुवा फार कमी बोलत होते. ज्याला आधीच सगळं ठाऊक असतं तो असाच कमी बोलतो, असं त्याला वाटलं.

"मग हाकललंस त्याला?"

"छे! हाकललं तर बोभाटा होतो. त्याची माणसं आहेत कट्ट्यावर." श्रीरंगच्या चेहऱ्यावर आता थोडं तेज आलं. "आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकच गोष्ट झकास आहे. माणसाला मूक करता येतं. तो येतो, लिहितो, त्याचं लिहिलेलं त्याला दिसतं. पण दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. आणि आपल्याला मूक केलंय हे त्याला कधीच कळत नाही."

बुवांचा हात थांबला.

"मला दाखव."

"कसं दाखवू?"

"मला मूक कर."

बुवांनी आसनाखालून फोन काढला. फोन चांगला नवा होता, आणि तेवढ्यानेही श्रीरंगच्या कपाळाला आठी पडली. पण हुशारी दाखवायची संधी कोण सोडतो? त्याने बुवांना मोहोळाचे सदस्य करून घेतलं आणि लगेच मूकही केलं.

"लिहा काहीही."

बुवांनी एका बोटाने, सावकाश, लिहिलं. 'राम राम मंडळी.' त्यांच्या फोनवर ते इतरांच्या लिखाणात व्यवस्थित उमटलं.

"बाकीच्यांना?"

"काहीच नाही. तुम्ही नाहीतच."

"आणि तुला?"

श्रीरंगने लॅपटॉप फिरवला. एका कोपऱ्यातल्या करड्या रकान्यात बुवांचा राम राम पडला होता. "मी ॲडमिन. मला दिसणारच."

"म्हणजे माझा राम राम एकट्या तुलाच पोचला."

"हो."

"मग तू उलटून राम राम का नाही म्हणालास?"

श्रीरंग हसला. मग बुवा हसत नाहीत हे बघून त्याचंही हसू विरलं.

"वामन कधीपासून एकट्या तुझ्याशीच बोलायलाय?"

श्रीरंगने लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला.

"काय म्हणायलाय तो?" बुवांनी विचारलं.

"मी... तो रकाना मी उघडत नाही, बुवा. वेळ कुठे असतो?"

"आता आहे."

श्रीरंगने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग त्याने वामनचं नाव दाबलं.

करडा रकाना भरून आला. जुन्नरच्या एका बाईने विचारलं होतं की पेटीत मेणाचे किडे झालेत, काय करू? त्याखाली वामन. 'ताई, किडकं पोळं आजच्या आज काढून टाका. पेटी उन्हात घालून साफ करा. थांबू नका.' तिने पुन्हा विचारलेलं. त्याने पुन्हा, जास्त सविस्तर, समजावून सांगितलेलं. मग तिचं, जे सगळ्यांना दिसत होतं ते. 'कुणीच काही सांगितलं नाही. माश्या पेटी सोडून गेल्या.'

त्याखाली वामन. 'ताई, मी लिहिलं होतं की! दिसलं नाही का तुम्हाला?'

श्रीरंगने पान खाली सरकवलं. त्याला सरकवायचं नव्हतं, पण बुवा बघत होते. वामनने आणखी कितीतरी जणांना उत्तरं दिली होती. 'कुणाला पटत नसेल तर तसं सांगा, पण बोला,' असंही एका ठिकाणी होतं. शेवटचं लिखाण श्रीरंगसाठीच होतं.

'श्रीरंग, कट्ट्यात काहीतरी बिघाड झालाय बहुतेक. माझं कुणाला पोचत नाहीये असं वाटतं. तुझा फोनही लागत नाही. फार ताण घेऊ नकोस, नवीन सॉफ्टवेअर घे एकदाचं. माझ्याकडून काही लागलं तर सांग.'

फोन लागत होता. श्रीरंग उचलत नव्हता.

आपला मित्र आपल्याच हाताने बुजवलेल्या विहिरीत ओरडत होता आणि वर आपल्याच तब्येतीची काळजी करत होता, हे त्याला सहन होईना. पण संशय एकदा घरात शिरला की सहजी बाहेर पडत नाही. पुढच्याच क्षणी त्याने मान वर केली.

"त्याला कळलं असेल, बुवा. मूक केलंय ते ओळखून, मुद्दाम मला वाचायला म्हणून लिहिलं असेल!"

"असंल."

"म्हणजे चोर तोच?"

"असंल."

"आणि नसला तर?"

बुवांनी परात पुढे सरकवली. "दाणे खा."

श्रीरंगने दाणे घेतले नाहीत. कितीतरी वेळ तो पडद्याकडे बघत बसला. वामनच्या नावासमोरचं ते एक बटण. ते उलटं दाबलं की इतक्या दिवसांचं सगळं लिखाण एकदम सगळ्यांपुढे येणार होतं. जुन्नरच्या बाईपुढेही. मग हे कुणी केलं, असं लोक विचारणार होते. कट्टा एका दिवसात फुटू शकत होता.

"तिसरं सॉफ्टवेअर घेऊ नको म्हणता?"

"घे की. पहिलं घे, दुसरं घे... मला त्यातलं काय कळतंय?"

"मग मला कळलं काय इथे येऊन?"

बुवांनी परातीतली फोलपटं वेचून बाजूला टाकली.

श्रीरंगने बटण दाबलं. करडा रकाना रिकामा झाला. मग त्याने लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'वामन, बिघाड नव्हता. मीच तुला मूक केलं होतं. तुझा संशय आला म्हणून. तुला विचारायला हवं होतं.' डोळे मिटून त्याने ते पाठवून दिलं.

थोड्या वेळाने नावापुढे खूण आली. वामनने वाचलं होतं.

श्रीरंग वाट बघत राहिला. कौसाबाई येऊन गार चहा घेऊन गेली, तरी त्याने पडदा मिटला नाही. वामनच्या नावापुढचा हिरवा ठिपका जळत होता. वामन तिथेच होता, आणि काहीच लिहीत नव्हता.

"बुवा... तो उत्तर देईल ना?"

बुवांनी नवी शेंग उचलली.

"लिहीत राहा."