वडाच्या यक्षिणीचा लेप

एका राज्यात मुकुट डोक्यावर ठेवत नसत, केसांत गुंफत असत. मुकुट म्हणजे तरी काय, बोराएवढा एक नागमणी! फार पूर्वी एका वृद्ध नागाने तो राजघराण्याला दिला आणि बजावले, "हा मणी राजरक्ताच्या केसांतच राहील. सोन्यात जडवाल, रेशमात बांधाल, जमिनीवर पाडाल, तर राज्यातली प्रत्येक विहीर खारी होईल." एवढे बोलून नाग बिळात गेला, तो पुन्हा काही बाहेर आला नाही. तेव्हापासून त्या राज्यात शौर्य नंतर पाहायचे, आधी केस पाहायचे. दर दसऱ्याला गादीचा धनी सज्जात उभा राहायचा, मान तीनदा हलवायचा. मणी जागचा हलला नाही की नगारे झडायचे आणि बायका निश्चिंतपणे घागरी घेऊन पाण्याला जायच्या.

राणी मंदारवती गादीवर आली तेव्हा तिची वेणी पोटरीला टेकत होती. मग एका वर्षी तिला मोठा ज्वर आला. ज्वर गेला, पण त्याच्या मागोमाग केसही निघाले. उशीवर केस, शेल्यावर केस, ताकाच्या वाटीतही केस! वेणी शेपटीएवढी झाली, शेपटीची वात झाली.

राणीला लहानाची मोठी केली ती आत्याबाईंनी. चंपावती त्यांचे नाव. जीभ तिखट, माया त्याहून दांडगी. घराण्याच्या रीतीप्रमाणे दर पौर्णिमेला त्या केसपाहणी करीत. पुढे चांदीचे ताट ठेवायचे, चंदनाच्या फणीने राणीचे केस विंचरायचे आणि ताटात काय पडते ते पाहायचे. मागल्या पौर्णिमेहून जास्त पडले, की त्या महिन्याच्या वैद्याची गाढवावरून वेशीबाहेर पाठवणी! गळलेले केस मात्र आत्याबाई टाकत नसत. गुंडाळी करून एका थैलीत जपून ठेवीत, कारण घरचा केस उंबऱ्याबाहेर जाऊ नये, अशी त्यांना त्यांच्या आजीची शिकवण होती.

एक वैद्य आला, त्याने माक्याचे तेल लावले. पौर्णिमा आली, वैद्य गाढवावर बसला. दुसरा आला, त्याने कांद्याचा रस चोळला. दरबारी नाक धरून मुजरा करू लागले. तोही गेला. तिसऱ्याने जळवा लावल्या, त्या आत्याबाईंनी पौर्णिमेआधीच फेकल्या. वेशीपर्यंतची वाट गाढवाला इतकी पाठ झाली, की त्याला हाकावेसुद्धा लागेना.

दसरा उजाडला. राणीने एकदा मान हलवली, दुसऱ्यांदा हलवली. तिसऱ्यांदा हलवताच मणी घसरला आणि मानेपाशी चार केसांना लोंबकळत राहिला. पडला नाही, एवढेच. नगारे वाजले, पण हात चोरून. खाली गर्दीत एक बाई आपली भरली घागर छातीशी कवटाळून उभी होती, जणू तेच शेवटचे गोड पाणी. राणीने ते पाहिले. आपल्या चार केसांवर हिच्या पोराबाळांची तहान टांगली आहे, हे तिला इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उरल्या केसांत मणी घट्ट बांधून ती एकटीच रानात निघाली. वाटेत एका शिळेवर एक पक्षी बसला होता.

"लांडोरताई, या रानात कोणी जाणते आहे का?" राणीने विचारले.

"मी मोर आहे," पक्षी फणकाऱ्याने म्हणाला. "पिसारा झडला आहे."

"अरेरे! मग तू कोणता वैद्य केलास?"

"वैद्य? तो दरवर्षी झडतो, दरवर्षी येतो. मधल्या काळात मी दाणे टिपतो." मोराने मान वेळावली. "पण तुझे दुखणे निराळे दिसते. माझ्यामागून ये."

मोर तिला एका अवाढव्य वडापाशी घेऊन गेला. त्या वडात एक यक्षीण राहत होती. तिचे केस म्हणजेच वडाच्या पारंब्या, काही जमिनीत शिरलेल्या, काही अजून अधांतरी.

"कोण आलीस?" यक्षिणीने विचारले.

"राणी मंदारवती. केसांसाठी आले."

यक्षीण हसली, पण त्या हसण्यात जुनी सल होती. "तुझ्या आजोबांच्या डोक्याला मीच लेप लावला होता. एका पौर्णिमेत त्यांना गुण हवा होता. आला नाही, म्हणून मला गाढवावर बसवले. वेशीवर मी शाप दिला, की या घराण्यात कोणताही उपाय दुसरी पौर्णिमा पाहणार नाही. राणी, तुमचे वैद्य वाईट नव्हते. त्यांतला एखादा तरी उपयोगी पडला असता. तुम्ही कोणाला तेवढा वेळच दिला नाहीत."

"शाप मागे घ्या," राणी हात जोडून म्हणाली.

"दिलेला शाप माझ्या हाती नाही. तो मोडणे तुझ्या हाती आहे." यक्षिणीने कोवळ्या पारंब्या वाटून गाडगेभर लेप केला. ते गाडगे कधी रिकामे होत नसे. "रोज सकाळी लाव. ऋतू तीन, कामे तीन. हिवाळ्यात केस आणखी गळतील, तेव्हा लेप सोडू नकोस. उन्हाळ्यात डोक्यावर काही दिसणार नाही, तेव्हा दुसऱ्या दारी जाऊ नकोस. पावसाळ्यात केस दिसू लागतील, तेव्हा झाले म्हणून थांबू नकोस. तिन्हींत पहिले काम अवघड वाटेल, पण तिसऱ्यात पुष्कळ जण हरतात."

"औषध लावून केस गळतील कसे?"

"प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बीज निजलेले असते. लेप त्याला जागे करतो. जागे झालेले बीज आधी मरगळलेला केस ढकलून देते, मग नवा धाडते. तुला आधी ढकललेलेच दिसणार."

राणी गाडगे घेऊन घरी आली. हिवाळा लागला आणि यक्षिणीचा शब्द खरा होऊ लागला. पौर्णिमेला आत्याबाईंनी फणी फिरवली, तर चांदीचे ताट काठोकाठ भरले.

"अगं बाई गं! हे औषध की वैर?" आत्याबाई कडाडल्या. त्यांनी गाडगे उचलले आणि खिडकीकडे निघाल्या. "आत्ता खालच्या नदीत टाकते!"

मंदारवतीने आजवर आत्याबाईंना उलट उत्तर दिले नव्हते. तिच्या मनात आले, खरेच हे वैर असेल तर? यक्षीण जुना सूड उगवत असेल तर? पण मग तिला तो लांडा मोर आठवला, निवांत दाणे टिपणारा.

"आत्याबाई, गाडगे खाली ठेवा," ती म्हणाली. "ही पौर्णिमा मी ओलांडणार आहे."

"अगं, मणी कशात राहील? केस आहेत का तुझ्या डोक्यावर?"

आत्याबाई बोलत होत्या आणि त्याच क्षणी उरलेले चार केस सुटले. मणी घरंगळला. राणीने काही विचार केला नाही, समोरचे ताट उचलून पुढे केले. मणी त्या गळलेल्या केसांच्या पुंजक्यात अलगद पडला, घरट्यात अंडे पडावे तसा.

विहिरी खाऱ्या तर झाल्या नाहीत? मग आत्याबाई धावतच चौकातल्या विहिरीवर गेल्या. राजघराण्यातली बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पोहरा सोडत होती. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले.

"गोड आहे," त्या रडत म्हणाल्या. "मंदा, गोड आहे गं!"

केसांतच राहील, असे नाग म्हणाला होता. केस डोक्यावरच असावेत, असे काही तो म्हणाला नव्हता. आत्याबाईंनी जपलेली थैली बाहेर आली. इतक्या पौर्णिमांच्या त्या गुंडाळ्या उलगडून त्यांनी गंगावन विणले, मणी त्यात गुंफला आणि ते राणीच्या डोक्याला बांधले. जे गेले म्हणून राणी रडत होती, त्यानेच आता राज्य सांभाळले. ताट त्या दिवसापासून फडताळात गेले. लेपाने दुसरी पौर्णिमा पाहिली, तेव्हा रानात वडाचे एक पान आपोआप गळाले, असे सांगतात.

उन्हाळा आला. डोक्यावर काही दिसेना. राणीचा हात दिवसातून शंभरदा टाळूकडे जाई आणि तसाच खाली येई. अशात मायाधर नावाचा एक मांत्रिक दरबारात आला. त्याने टकल्या द्वारपालाच्या डोक्यावर चिमूटभर राख टाकली आणि पाहता पाहता त्याचे केस खांद्यावर रुळू लागले. दरबार थक्क झाला. द्वारपाल तर मान झटकून झटकून दाखवू लागला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"महाराणी, एका क्षणात पोटरीपर्यंत वेणी देतो," मांत्रिक म्हणाला. "मोबदला फक्त मणी."

राणीला मोह झाला. खोटे कशाला सांगा, कोणालाही झाला असता. पण एका हिवाळ्यात ती काहीतरी शिकली होती.

"उत्तम," ती म्हणाली. "पावसाळ्यात या. द्वारपालाचे केस तेव्हा असेच असले, तर बोलू."

मांत्रिकाचा चेहरा उतरला. पहिली वावटळ आली आणि द्वारपालाचे केस कापसासारखे उडून गेले. मांत्रिक पळणार, तोच गाढव स्वतःहून पुढे येऊन उभे राहिले. त्यालाही बऱ्याच दिवसांत काम नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडी एका सकाळी आत्याबाई लेप लावत होत्या. त्यांची बोटे थांबली.

"काय झाले?" राणीने घाबरून विचारले.

"काही नाही," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या बारशाला हात फिरवला होता ना, तसे लागतेय हाताला. जावळ आलंय गं तुला!"

मंदारवतीने स्वतः हात लावून पाहिला. मऊ, बारीक, पण खरे. इतक्या महिन्यांचे दडपण एकदम उतरले आणि ती आत्याच्या मांडीत तोंड खुपसून मनसोक्त रडली. श्रावणात त्या जावळाचे केस झाले, काळे आणि दाट.

"आता पुरे की लेप," आत्याबाई म्हणाल्या. "आले ना केस!"

"हेच तिसरे काम आहे, आत्याबाई," राणी हसली आणि गाडगे पुढे सरकवले.

दसरा आला. राणी सज्जात उभी राहिली. वेणी पोटरीपर्यंत नव्हती, मानेपर्यंतच होती. कानशिलाकडे केस अजून विरळच होते. पण मणी आता पुन्हा तिच्या डोक्यावरच्या केसांत गुंफला होता. तिने मान एकदा हलवली, दुसऱ्यांदा हलवली, तिसऱ्यांदा तर चांगली जोरात हलवली. मणी तसूभरही हलला नाही. नगारे असे झडले की कबुतरे उडाली, आणि खाली गर्दीतली ती घागरवाली बाई आपले पाणी पोरांच्या अंगावर उडवून खुशाल हसत सुटली.

शाप मोडला, हे आता सर्वांना कळले. वेशीबाहेर घालवलेल्या वैद्यांना पालख्या गेल्या. यक्षिणीला स्वतः राणी आणायला गेली, तेव्हा मोर शिळेवर बसला होता, पुन्हा लांडा, पुन्हा निवांत.

दुसऱ्या सकाळी आत्याबाई दार लोटून राणीच्या महाली आल्या. त्यांनी हळूच आपला अंबाडा सोडला, तो सगळाच्या सगळा हातात आला. गंगावनच होते ते. आजवर कोणाला कळले नव्हते.

"मलाही पौर्णिमेपलीकडे धीर कधी नव्हता," त्या खाली बघत म्हणाल्या. "या वयात येतील का गं?"

"सगळे येतील असे नाही, आत्याबाई. थोडे येतील."

"किती दिवस लागतील?"

राणीने त्यांना पाटावर बसवले, गाडग्यात बोटे बुडवली आणि लेप त्यांच्या टाळूवर हलकेच ठेवला.

"आधी गळतील," ती म्हणाली. "तेव्हा मी जवळ असेन."

त्या राज्यातल्या विहिरी जशा गोड राहिल्या, तशा तुमच्या-आमच्याही राहोत.