भिवराआत्याचा दोर

फार वर्षांपूर्वी, आपल्या पाथरटेकच्या वेशीवरची चिंच जेव्हा कमरेइतकीच होती, तेव्हा लांबच्या दुष्काळी मुलखातून एक कुटुंब इथं आलं. नऊ भाऊ, नऊ भावजया, पोरांची तर मोजदादच नाही, आणि या सगळ्यांना हाकणारी थोरली बहीण भिवरा. गावानं त्यांना टेकडीवरची जागा दिली. तिथं कुसळही उगवत नव्हतं. भिवरेनं चार वर्षांत तिथं बाजरी उभी केली. कोंबडा तिला विचारून आरवायचा, असं म्हणतात.

चिकटपणात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नऊ घरांतली एकही चिंधी ती उकिरड्यावर जाऊ देत नसे. धोतराचा काठ, झबल्याची बाही, अंबाडीचा उरलासुरला वाख, जे हाती येईल त्याला पीळ घालून ती दोराला जोडायची. दोर माळ्यावर वेटोळं घालून वाढत होता.

"आत्या, एवढ्या दोरानं काय चांदोबा बांधणार व्हय?" बायका चिडवायच्या.

"बांधीन की. आधी तुझा फाटका पदर दे इकडं," ती म्हणायची आणि खरंच घेऊन जायची.

स्वतःसाठी तिनं एकच वस्तू जपली होती. जुनं गाव सोडताना आईनं दिलेलं हिरवं लुगडं. दर दिवाळीला ती ते पेटीतून काढायची, हुंगायची आणि घडी न मोडता परत ठेवायची.

मग एका उन्हाळ्यात सगळ्या विहिरी आटल्या. उरली ती डोंगराखालची राक्षसविहीर. तिच्यात खडा टाकला, तर घरी जाऊन भाकरी खाऊन आल्यावर डुबुक ऐकू यायचं, असं म्हणतात. गावातले सगळे दोर एकाला एक बांधले, तरी घागर कोरडीच वर आली. पाटलांनी दवंडी पिटवली, उद्या गाव उठणार, गाड्या भरा.

भिवरा तडक पाटलांकडे गेली. उठलेलं गाव कसं दिसतं, ते तिनं एकदा पाहिलं होतं.

"पाटील, गाड्यांचे बैल सोडा," ती म्हणाली. "एकदा गाव सोडलंय मी. आता न्हाई सोडायची."

नऊ भावांनी दोर उतरवला. एक टोक विहिरीपाशी पोचलं, तरी दुसरं अजून माळ्यावरच होतं. घागर खाली गेली, गेली, गेली आणि थांबली. भर दुपारचं ऊन विहिरीत उतरलं होतं. त्यात दिसलं, पाणी अजून दीड हात खाली होतं.

भिवरा घरी धावली आणि तिनं पेटी उघडली.

"वन्सं, त्याला हात नका लावू," धाकटी भावजय रडायलाच लागली. "आईची आठवण हाय ती."

"आई असती तर तिनंच फाडलं असतं," असं म्हणून भिवरेनं टर्रकन काठ फाडला. डोळ्यांत पाणी होतं, हात मात्र थांबले नाहीत.

हिरवी गाठ बसली आणि विहिरीतून डुबुक आलं. घागर वर येताच गाव नाचायला लागलं, तशी ती ओरडली, "सांडू नका, मेल्यांनो!" त्यानंतर पाणी जसं खाली जाई, तसा दोर आपोआप वाढे, असं म्हणतात.

आता घरोघर नळ आलेत. तरी चैत्रात दोर बाहेर निघतो आणि प्रत्येक घर त्यात एक चिंधी वळतं. पहिला मान मात्र त्या वर्षी गावात नव्यानं आलेल्याचा. नवी सून असो, बदलून आलेला मास्तर असो, की टेकडीवर पाल ठोकलेलं बिऱ्हाड असो. त्याची चिंधी हिरव्या गाठीनं बांधतात. त्या दिवसापासून, तुम्ही मूळचे कुठले, असं त्याला पाथरटेकात कुणीही विचारत नाही.