महाद्वार आणि राणीचा उजवा गाल

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला एका साळुंकीने बजावलं होतं. निदान आरसा कुठे पुरला ते तरी नाहीच. पण तुम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणून सांगते.

एका राज्यात मृगावती नावाची राणी होती. तिच्या किल्ल्याचं महाद्वार बोलत असे. दर पाडव्याला राणीने त्याच्यापुढे उघड्या चेहऱ्याने उभं राहायचं. त्याने तिला ओळखलं तर ते वर्षभर उघडं, नाही तर वर्षभर बंद. आणि पिण्याच्या पाण्याचं तळं होतं किल्ल्याबाहेर.

राणीला तेहतिसावं लागलं आणि हनुवटीवर मुरुमं उठली. सोळाव्या वर्षी आली होती, वण ठेवून गेली होती. आता पुन्हा कशी? राणी गोंधळली.

राजवैद्य म्हणाले, "जायफळ उगाळून लावा." राजज्योतिषी म्हणाले, "लिंबू चोळा." आत्याबाई म्हणाल्या, "अगं, हे पोरीबाळींचं दुखणं. तुला या वयात शोभतं का?" राणीने सगळ्यांचं ऐकलं. सकाळी जायफळ, दुपारी लिंबू, संध्याकाळी मुलतानी माती. चेहरा तव्यासारखा तापला.

तळ्याकाठी धूम्रकेश मांत्रिक राहत असे. त्याला तळं एकट्याला हवं होतं. त्याने राणीला रत्नजडित आरसा भेट पाठवला. त्यात मोहरी धरली तर फणस दिसे. राणी उजाडल्यापासून आरशापुढे बसे, आणि बोट आपोआप मुरुमाकडे जाई. एक फोडलं की दोन उठत.

एके दिवशी खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"राणी, पाडव्याला तीन महिने उरले."

"ठाऊक आहे. ही मुरुमं कुणाचा शाप, तेवढं सांग."

"मुरुमं शापाची नाहीत. ती कुणालाही, कधीही येतात. शाप आरशाचा आहे. त्यात पाहणाऱ्याचा हात स्वस्थ बसत नाही."

"मग करू काय?"

"तीन कामं. चेहऱ्याला हात लावायचा नाही. दोन वेळा साध्या पाण्याने हळुवार धुवायचा आणि आग न करणारा एकच लेप लावायचा, रोज तोच. आणि वणांवर ऊन पडू द्यायचं नाही."

"एवढंच?" राणी हिरमुसली. तिला वाटलं होतं, राक्षस तरी मारावा लागेल.

राक्षस बरा, असं तिला आठ दिवसांतच वाटलं. आरसा पालथा घातला तरी हात राहीनात. मग कुसुंबा दासीने तिच्यापुढे पावट्याच्या शेंगांची टोपली ठेवली. बोट शिवशिवलं की राणी शेंगा सोले. मुदपाकखान्यात रोज पावट्याची उसळ होऊ लागली. महिना झाला तरी मुरुमं तशीच. आपण बरोबर करतोय की चूक, राणीला कळेना. दुसऱ्या महिन्यात नवी उठेनाशी झाली. तिसऱ्यात डाग फिके झाले. उजव्या गालावरचा खोल वण मात्र हटेना.

पाडवा उजाडला. बायका घागरी घेऊन द्वाराच्या आत रांगेत उभ्या. धूम्रकेश सोन्याची वाटी घेऊन आला.

"हा लेप भर. खड्डा बुजेल. नाही तर द्वार तुला हसेल."

राणीने वाटीत बोट बुडवलं.

"राणीसरकार," कुसुंबा पुटपुटली, "तीन महिने पाण्यात घालायचे का?"

कोण खरं, कोण खोटं, राणीला तेव्हाही कळलं नाही. तिने फक्त त्या रिकाम्या घागरी पाहिल्या, बोट पदराला पुसलं आणि ती पुढे गेली.

द्वाराने बराच वेळ पाहिलं. राणीचा हात गालाकडे निघाला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"उजवा गाल इकडे कर," द्वार म्हणालं. "हं. राज्याभिषेकाला एक सोळा वर्षांची पोर आली होती, मुरूम फोडून, रडवेली. तो हाच वण. बाकी राण्या मला सगळ्या सारख्याच दिसतात."

आणि ते करकरत उघडलं.

वाटीतल्या लेपाचा चिखल झाला. धूम्रकेश तळं सोडून पळाला. राणीवरचा शाप उतरला. पुढच्याच आठवड्यात तिच्या नाकावर एक मुरूम आलं. राणीने शेंगा मागवल्या.

आरसा मात्र काही केल्या फुटेना. म्हणून राणीने आणि कुसुंबाने तो पुरला. कुठे, ते सांगायचं नाही. पण आमच्या परसात अळू आहे ना, तिथून सात पावलं मोजली, की डाव्या हाताला एक... आले हं काकू! एवढं वाक्य पुरं करते आणि