बेचाळीस मुठी माती

नांगराला लोखंडाचा फाळ नुकताच बसू लागला होता, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसा, आणि ज्यांना सगळं आधीच ठाऊक असतं त्यांनी खुशाल उठून जा.

एका राज्यात एक विद्यापीठ होतं. तिथे ना तलवार शिकवत, ना जमाखर्च. तिथे फक्त माती शिकवत. हसू नका! तीन वर्षं लागायची त्या शिक्षणाला, आणि चांगली चांगली हुशार पोरं पहिल्याच वर्षी घरी पळून जायची.

त्या विद्यापीठाचा एक रिवाज होता. नव्या विद्यार्थ्यानं येताना आपल्या गावच्या मातीचं मडकं आणायचं. दारावरचा म्हातारा रखवालदार नाव विचारायचा नाही, कूळ विचारायचा नाही. एकच प्रश्न करायचा, "कुठली माती?" उत्तर दिलं की दार उघडायचं. पुढची तीन वर्षं विद्यार्थी त्याच मातीचा अभ्यास करायचा. तिचा आजार ओळखायचा, औषध शोधायचा, आणि शेवटी त्या मडक्यात पीक घेऊन दाखवायचा.

राज्याच्या टोकाला खारवाडी नावाचं गाव होतं. बेचाळीस घरांचं. तिथली जमीन चोपण, म्हणजे खारानं आजारलेली. उन्हाळ्यात शेतावर पांढरा थर फुटायचा, पावसात पाय रुतायचा, आणि पेरलेलं बी निम्मं जमिनीतच कुजायचं. दर वर्षी थोडी थोडी जमीन पडीक होत चालली होती. हे असंच चाललं तर गाव उठणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्या गावातली भिवरा विद्यापीठात निघाली, तेव्हा गावाला कोण आनंद झाला! गावची सुईण चंद्राआत्या घरोघर मडकं घेऊन फिरली. बेचाळीस घरांनी बेचाळीस मुठी माती घातली. ज्यांच्या शेतात गवताची काडी उगवत नव्हती, त्यांनीही घातली.

मडकं भिवराच्या डोक्यावर ठेवताना आत्या म्हणाली, "पोरी, ही नुसती माती न्हाई, आख्खं गाव तुझ्या डोक्यावर दिलंय. हिचं दुखणं काय ते हुडकून ये."

भिवरा निघाली. वाटेत नदी लागली. नदीच्या चढावर करंजाचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत आणखी तीन विद्यार्थी टेकले होते. एकाच्या मडक्यात काळीभोर माती, दुसऱ्याच्या तांबडी, तिसऱ्याच्या भुरी. ते एकमेकांना वास घ्यायला देत होते.

"तुझी बघू गं," एक म्हणाला. भिवरानं फडकं सोडलं.

"अगं, ही माती आहे की चुना? घर सारवायला निघालीस का?"

तिघं खो खो हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हसून झाल्यावर विसरूनही गेले आणि पुढे चालू लागले. पण भिवराचं तोंड एवढंसं झालं. ती तिथंच बसून राहिली. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, करंजाखाली मडकं उपडं केलं आणि नदीकाठच्या एका शेतातली गाळाची मऊ माती त्यात भरली.

"कुठली माती?" रखवालदारानं विचारलं.

"खारवाडीची," भिवरा म्हणाली, आणि दार उघडलं.

आता खरं सांगायचं तर पोरगी होती मोठी हुशार. ओल्या मातीची वळी करून तिच्यात चिकण किती, रेती किती, हे ती डोळे मिटून सांगायची. मातीचं ढेकूळ पाण्यात टाकायचं आणि बघत बसायचं, हा तिथला पहिला धडा. निरोगी मातीचं ढेकूळ पाण्यात शाबूत राहतं. चोपण मातीचं ढेकूळ फसकन विरतं, पाणी गढूळ होतं आणि दोन दिवस ठेवलं तरी निवळत नाही. भिवराचं ढेकूळ कधी विरलं नाही. सगळे तिचं कौतुक करायचे.

एकदा आचार्यांनी चोपण जमिनीचा पाठ घेतला. आचार्य म्हातारे होते, नखांत कायम माती. ते म्हणाले, "लक्षात ठेवा. चोपण जमिनीत पाणी सोडण्याआधी पाणी बाहेर जायला वाट करा. नाहीतर खालचा खार पाण्याबरोबर वर येतो आणि होतं नव्हतं ते शेतही मरतं. विचारा, काही शंका?"

भिवराच्या पोटात पन्नास शंका होत्या. वाट किती खोल करायची? खार धुतल्यावर मातीला काय खाऊ घालायचं? किती वर्षं लागतात? पण विचारणार कोणत्या तोंडानं? तिच्या मडक्यात तर गाळाची माती होती! असे किती तरी प्रश्न तिनं त्या तीन वर्षांत गिळले.

तीन वर्षं सरली. पदवीचा दिवस उजाडला. स्वतः महाराज आले होते. खारवाडीचं अख्खं गाव गाड्या जुंपून आलं होतं, ठेवणीतली पागोटी बांधून, ठेवणीतली लुगडी नेसून. भिवराच्या मडक्यात जोंधळ्याचं ताट उभं होतं, आणि त्याला ओंजळीएवढं कणीस लागलं होतं. सगळ्या विद्यार्थ्यांत तीच पहिली आली होती.

आचार्यांनी तिच्या खांद्यावर मातीच्या रंगाचं उपरणं घातलं. चंद्राआत्या पुढे आली, मडकं मांडीवर घेऊन बसली, मातीत बोटं खुपसली, वास घेतला, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"काय केलंस गं माझे बाय! आपलीच माती मला वळखू येईना!"

भिवराला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

महाराजही खूश झाले. म्हणाले, "लोक उगाच म्हणतात की खारवाडीत काही पिकत नाही. मातीत दोष नाही, पाण्याची उणीव आहे. या मुलीच्या मानासाठी नदीचा पाट थेट खारवाडीला नेतो. बारा महिने पाणी वाहील!"

गावकऱ्यांनी पागोटी आभाळात उडवली. म्हातारेकोतारे नाचू लागले. आणि भिवराच्या पायाखालची जमीन सरकली. पाठ तिला तोंडपाठ होता. चोपण जमीन, बाहेर जायला वाट नाही, आणि वरून बारमाही पाणी. दोन वर्षांत खारवाडी पांढरीफटक पडणार होती. गप्प बसली तर मान राहील आणि गाव जाईल. बोलली तर गाव राहील आणि मान जाईल, तोही गावादेखत, आत्यादेखत.

तुम्ही काय केलं असतं? लगेच उत्तर देऊ नका. मीही दिलेलं नाही.

भिवरानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आचार्यांच्या पायाशी ठेवलं.

"महाराज, पाट नको. पाट आला तर माझं गाव मरेल. ही माती खारवाडीची नाही. आमच्या मातीची मला लाज वाटली, म्हणून मी ती वाटेत टाकून दिली आणि दुसऱ्याच्या शेतातली भरली. आमची माती चोपण आहे."

चंद्राआत्यानं मांडीवरचं मडकं हळूच खाली ठेवलं.

"बेचाळीस मुठी व्हत्या गं त्यात," ती एवढंच म्हणाली.

महाराज संतापले. "तीन वर्षं फसवलंस! ही कसली विद्या?"

तेव्हा आचार्य उठले. "महाराज, चूक माझीही आहे. खारवाडीच्या मातीचं ढेकूळ पाण्यात विरत नाही, हे मी तीन वर्षं पाहिलं आणि एकदाही विचारलं नाही की असं कसं? हुशार शिष्येच्या कौतुकात मीही आंधळा झालो. आणि एक सांगतो. आज हिला मान मिळत होता, दान मिळत होतं, तरी हिनं मातीचं खरं दुखणं सांगितलं. मातीबद्दल खरं बोलायला शिकवणं, एवढंच आम्ही इथे करतो." त्यांनी उपरणं उचललं, घडी केली आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं. "मुली, हे इथेच राहील. तुझी परीक्षा अजून व्हायची आहे. स्वतःची माती घेऊन ये."

गाड्या परत निघाल्या. भिवराशी कुणी बोलेना. ती गाळाची माती ओतून रिकामं केलेलं मडकं घेऊन मागून चालत राहिली. नदीच्या चढावर करंज आला, तशी ती थांबली. टाकलेल्या मातीतली निदान मूठभर तरी सापडावी, म्हणून ती पाला बाजूला करू लागली.

आणि बघते तर काय! जिथे तिनं मडकं उपडं केलं होतं, तिथे हिरवंगार गवत. खाली हात घातला तर माती भुसभुशीत, आणि तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. ती माती रंगानं अजून फिकीच होती. तिच्याच गावची होती, यात शंका नव्हती. भिवरानं तांब्यात नदीचं पाणी आणलं, ढेकूळ आत टाकलं आणि बघत बसली.

ढेकूळ विरलं नाही.

"आत्या!" ती केवढ्यानं तरी ओरडली. "गाड्या थांबवा!"

सगळे धावत आले. चंद्राआत्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. थुंकली. पुन्हा ठेवली. "खारट लागत न्हाई गं!"

भिवरा हसत होती आणि रडतही होती. "ही जागा उताराची, आत्या. पावसाचं पाणी इथे साठत नाही, खार धुऊन खाली घेऊन जातं. वरून करंजाचा पाला पडतो, कुजतो, मातीला खाऊ घालतो. तीन पावसाळे हेच चाललं होतं. मी तिकडे परक्या मातीपुढे बसले होते, आणि आपली माती इथे आपली आपण बरी होत होती. औषध हेच!"

आत्यानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोराचा. मग तिला छातीशी धरलं. म्हणाली, "चल आता. चुकलीस ती चुकलीस, आता कामाला लाग."

खारवाडीत भिवरानं पहिलं काम काय सांगितलं? चर खणा. गावकरी म्हणाले, "पोरीचं डोकं फिरलं. पाणी आणायचं सोडून असलेलं घालवायला निघाली!" पण चंद्राआत्यानं पदर खोचला आणि पहिली कुदळ मारली. मग कोण मागे राहणार? शेताच्या उतारानं चर निघाले. माणसांनी डोक्यावरून करंजाचा पाला वाहिला. ताग पेरला आणि फुलावर येताच नांगरून मातीत गाडला.

पहिल्या वर्षी नुसतं गवत उगवलं. लोक कुरकुरले. दुसऱ्या वर्षी ताग गुडघाभर झाला. तिसऱ्या वर्षी, ऐका बरं का, बेचाळीसच्या बेचाळीस घरांच्या शेतांत जोंधळा उभा राहिला. फार उंच नाही, कमरेएवढाच. नदीकाठच्या जोंधळ्यापुढे तो बुटकाच दिसला असता. पण खारवाडीत लोक बांधावर उभे राहून तो नुसता बघायचे, आणि पाहुणा आला की जेवणाआधी त्याला शेत दाखवायला न्यायचे.

मग चंद्राआत्या पुन्हा मडकं घेऊन घरोघर फिरली. पुन्हा बेचाळीस मुठी पडल्या. या वेळी भिवरानं मडक्यावर फडकं बांधलं नाही. रस्त्यानं भेटेल त्याला ती उघडी माती दाखवत गेली.

विद्यापीठाच्या दारात तोच म्हातारा रखवालदार होता.

"कुठली माती?"

"खारवाडीची," भिवरा म्हणाली. मान ताठ, आवाज खणखणीत. "चोपण होती. आमची आहे."

रखवालदार म्हातारा खरा, पण त्या दिवशी तो उठून उभा राहिला आणि दोन्ही दारं त्यानं सताड उघडली. आचार्यांनी ढेकूळ पाण्यात टाकलं, सगळ्या विद्यार्थ्यांना भोवती बोलावलं, आणि पाणी नितळ राहिलं तसं खुंटीवरचं उपरणं काढून तिच्या खांद्यावर घातलं. महाराजांना निरोप गेला. पाटही आला, पण आधी भिवरानं चरांची खोली मोजली आणि ती सांगेल तेवढंच पाणी सुटलं.

तेव्हापासून त्या विद्यापीठात एक नवा रिवाज पडला. ज्याची माती सगळ्यांत वाईट, त्याचं मडकं सगळ्यांत पुढे मांडायचं आणि पहिला प्रश्न त्यानं विचारायचा. खारवाडीची पोरं कित्येक वर्षं पहिल्या रांगेत बसायची, आणि तिथे बसायचा त्यांना मोठा अभिमान वाटायचा.

तात्पर्य: आपली उणीव जो लपवतो त्याची विद्या परक्याच्या शेतात राबते, आणि जो ती उघडी करतो त्याच्याच शेतात ती पिकते.