अरुंद तोटीची झारी

ज्या काळी अश्मक देशावर एक राजा राज्य करीत होता (आणि त्या राजाचे या गोष्टीत जवळजवळ काहीच काम नाही), त्या काळी बोधिसत्त्व गोदावरीच्या काठी निंबघाट नावाच्या गावात कुंभाराच्या कुळात जन्मला होता. त्याची मडकी वाजवली की खणखणीत वाजत, आणि त्याच्या घरची माणसे दोन वेळा पोटभर जेवत. दान म्हणाल तर तो एकच करी. उन्हाळा लागला की नदीच्या वाटेवर एका निंबाखाली पाच रांजण मांडायचे आणि पाऊस येईपर्यंत ते रोज भरायचे. लहानपणी त्याचा थोरला भाऊ त्याच वाटेवर तहानेने कोसळला होता. दुसरे कोणी काही मागायला आले की बोधिसत्त्व हात जोडून म्हणे, "माझं देणं त्या निंबाखाली आहे." गावातले काही लोक त्याला चिक्कू म्हणत. तहान लागली की पाणी मात्र ते त्याच रांजणांचे पीत.

याच गावात सोमिल नावाचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, राहत असे. सोमिलाबद्दल शांतपणे सांगणे अवघड आहे. वाईट माणसावर रागावता तरी येते. सोमिल वाईट नव्हता. त्याला कीर्तीची हाव नव्हती, त्याच्या दानाचे नगारे कोणी वाजवत नसे. त्याला फक्त पुढे आलेला हात बघवत नसे. हात पुढे आला की तो देऊन मोकळा होई.

त्या काळी दानाची रीत अशी होती की, देणाऱ्याने घेणाऱ्याच्या ओंजळीत झारीने पाणी सोडायचे. पाणी ओंजळीत पडले की दान पक्के. मग राजा आला तरी ते परत फिरवता येत नसे. सोमिलाची झारी ओट्यावर कायम भरलेली असायची. मागणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत पाणी पडलेले असे. कित्येकदा काय दिले हे सोमिलाला पाणी पडल्यावर कळे. एकदा मालाच्या गाड्या निघायच्या आदल्या दिवशी त्याने बैलजोडी देऊन टाकली. माल अंगणात पडून राहिला आणि पावसात भिजला. सोमिल म्हणाला, "त्या माणसाला गरज होती." होती हे खरे. पण गरज सोमिलालाही होती, आणि ती सांगायला त्याच्या दारात कोणी ओंजळ धरून उभे नव्हते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट सांगतो. निंबघाटला सुईण नव्हती. सुईण नदीच्या पलीकडे, सहा वाड्यांची मिळून एकच. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की कोळ्यांच्या डोंग्या पाण्यात उतरत नसत. अठरा वर्षांपूर्वी सोमिलाची बायको अशाच पुरात बाळंत झाली. सुईण दोन दिवस पलीकडच्या काठावर उभी होती आणि सोमिल दोन दिवस अलीकडच्या. मुलगी वाचली, आई गेली. बायकोला अग्नी देऊन सोमिल घाटावर आला, झारी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला आणि सगळ्या गावासमोर त्याने नदीत पाणी सोडले. "या घाटावर मी पुरात टिकेल अशी मोठी नाव ठेवीन," तो म्हणाला. "कोणाकडून पार नेण्याचं भाडं घेणार नाही." गाव रडले. बोधिसत्त्वही तिथे होता.

अठरा वर्षे झाली, आणि नाव काही झाली नाही.

लाकूड तीन वेळा आले. पहिल्या खेपेच्या सागाच्या फळ्या नागपूजेच्या मांडवाला गेल्या. दुसऱ्या खेपेला मल्लांनी आखाड्याला छप्पर हवे म्हणून ओंजळ पुढे केली. मल्लांना उन्हाचा त्रास होत होता म्हणे. तिसरी खेप पाच कोसांवरच्या एका गावच्या रथाला गेली, ज्या गावात सोमिल जन्मात कधी पाय ठेवणार नव्हता. प्रत्येक वेळी तो म्हणे, "नावेचं पुढच्या वर्षी बघू." आणि खरोखर तसे त्याच्या मनात असे. हेच तर डोक्यात जाणारे होते. नाव ही एकच गोष्ट त्याला मनापासून द्यायची होती, आणि तेवढीच देण्याचे राहून जात होते, कारण नदी दारात येऊन मागत नव्हती.

त्या वर्षी सोमिलाची तीच मुलगी, उत्पला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिले बाळंतपण बापाच्या छपराखाली व्हायचे, असा रिवाज होता. चार दिवसांनी ती बोधिसत्त्वाच्या अंगणात येऊन बसली.

"काका, गोठा रिकामा आहे," ती म्हणाली.

"गाय एका ढोलवाल्याला दिली."

"ढोलवाल्याला गाय कशाला?"

"त्यानं मागितली म्हणून. पुढच्या हाटात विकून तो मोकळाही झाला," बोधिसत्त्व चाकावरचा हात न काढता म्हणाला.

उत्पला म्हणाली, "भाद्रपदात माझे दिवस भरतील. नदी तेव्हा कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मला भीती वाटते, काका. बाबांना कुणी समजावत का नाही?"

"मी समजावतो, पोरी. अठरा वर्षं समजावतोय. ते डोळ्यांत पाणी आणून ऐकतात. होय होय म्हणतात. तेवढ्यात दारात कुणीतरी येतं."

ती गेल्यावर बोधिसत्त्वाने चाक थांबवले. बोधिसत्त्व झाला तरी त्यालाही वैताग येत असे, आणि त्या दिवशी तो चांगलाच वैतागला होता. पण वैतागातही विचार सोडायचा नाही, एवढे त्याच्या अंगी होते. त्याच्या मनात आले, 'या माणसाला उपदेश कमी पडत नाही, सवड कमी पडते. मागणारा हात आणि पडणारे पाणी यांच्या मध्ये एका श्वासाचीही जागा नाही. तिथे दुसरे काय सुचणार?'

मुलीला पाहून सोमिलाला जाग आली होती. घरातली शेवटची गाडी विकून त्याने चौथ्यांदा साग आणवला. फळ्या अंगणात रचल्या गेल्या. पलीकडचा सुतार आठ दिवसांनी येणार होता. आषाढ नुकताच लागला होता आणि सुताराला काम संपवायला दीड महिना हवा होता. यानंतर विकायला घरात काही उरले नव्हते, म्हणून पाचवी खेप येणार नव्हती. हे सगळ्यांना कळत होते. सोमिलालाही कळत होते. पण अठरा वर्षे वापरून त्याच्या झारीची तोटी त्याच दिवशी फुटली, आणि तो धावत बोधिसत्त्वाकडे आला.

"कुंभारदादा, नवी झारी दे. या वेळी तोटी चांगली रुंद कर. लोकांना ओंजळ धरून ताटकळावं लागतं, मला बरं वाटत नाही."

बोधिसत्त्वाने त्याच्याकडे पाहिले. काही तरी बोलावे असे त्याला फार वाटले. तो एवढेच म्हणाला, "करतो."

सोमिल त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. रुंद तोटीची झारी केली असती तर ते खूश झाले असते आणि पुढची दहा वर्षे मडकी नेत राहिले असते. बोधिसत्त्वाने तोटी बाजरीच्या धाटासारखी बारीक ओढली. ती झारीच्या पोटापासून बरीच वर लावली आणि मध्ये एक बाक दिला. ती झारी तिरकी धरून बराच वेळ थांबले तरच टोकाशी पाणी येई, आणि तेही थेंबाने. तिला त्याने वाळवून सुंदर भाजले आणि पाचव्या दिवशी सकाळी नेऊन दिले.

तो ओट्यावर पोचतो न पोचतो तोच गावचा उत्सवाचा कारभारी पिंगल दारात हजर झाला. राजाची स्वारी गावावरून जाणार अशी आवई उठली होती. राजाचे या गोष्टीत काम आहे ते एवढेच. पिंगलाला वेशीवर कमान उभारायची होती.

"श्रेष्ठी, तुमच्या अंगणात साग पडलाच आहे," पिंगल म्हणाला. "गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे." आणि त्याने ओंजळ पुढे केली.

सोमिलाने नवी झारी उचलली, तिरकी केली. पाणी आले नाही. त्याने आणखी तिरकी केली. तरी नाही.

"ही कसली झारी केलीस?" तो चिडून म्हणाला.

"जरा धीर धरा, श्रेष्ठी. येईल," बोधिसत्त्व म्हणाला आणि पायरीवर बसला.

पिंगल ओंजळ धरून उभा राहिला. त्याने घसा साफ केला. कमान किती उंच असेल ते त्याने सांगितले, वर मोर काढणार ते सांगितले. मग त्याचे सांगायचे संपले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच सोमिलाच्या ओट्यावर मागण्याचे शब्द संपले होते आणि पाणी पडायचे होते. तेवढ्यात उत्पला अंगणात आली. उभे राहवेना म्हणून ती कमरेला हात लावून हळूच त्या फळ्यांवरच बसली. आपण कोणत्या बोलण्याच्या मधोमध बसलो आहोत हे तिला माहीत नव्हते. सोमिल तिच्याकडे पाहत राहिला.

"श्रेष्ठी, एक विचारू?" बोधिसत्त्व म्हणाला. "एकदा पाणी सोडलं, की ती वस्तू दुसऱ्याला देता येते का?"

"छे, कसं शक्य आहे?"

"मग या नावेच्या लाकडावर पाणी कधी सोडलंत, ते आठवतं का तुम्हाला?"

सोमिलाचा हात तसाच राहिला. त्याला घाट दिसला. गुडघ्याएवढे पाणी आठवले, आणि झारीतून नदीत पडणारी ती धार.

"नावेचा साग तेव्हाच नदीचा झाला," बोधिसत्त्व म्हणाला. "मांडवाला गेला तो नदीचा होता. आखाड्याला आणि रथाला गेला तोही. तुम्ही तीन वेळा दुसऱ्याची वस्तू दान केलीत. स्वतःची असती तर मी एक शब्द बोललो नसतो. आणि गाय तरी तुमची होती का? ती या मुलीच्या तोंडचं दूध होती. पोटाला लागतं तेवढं बाजूला ठेवा. जे मनापासून द्यायचं ठरवलंय ते त्याच्यानंतर. मग जे उरेल ते हवं त्याला द्या. तेवढ्याला ही झारी पुष्कळ झाली."

तोटीच्या टोकाशी एक थेंब जमला होता. तो फुगला, लोंबला. पिंगलाने ओंजळ जरा वर उचलली. सोमिलाने झारी सरळ केली आणि थेंब आत गेला.

"नाही," सोमिल म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडून इतका नवा होता की त्याने तो पुन्हा एकदा म्हणून पाहिला. "नाही, कारभारी. मला जमणार नाही."

"लोक काय म्हणतील, श्रेष्ठी?"

"लोकांना सांगा, लाकूड सोमिलाचं नव्हतंच."

पिंगल कोरडी ओंजळ घेऊन निघून गेला. उत्पला फळ्यांवर बसूनच रडली, आणि सोमिल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. या वेळी त्याने काही देऊन टाकले नाही, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

सुतार आला. श्रावण संपता संपता नाव पाण्यात उतरली. भाद्रपदात नदी दोन्ही काठ सोडून वाहू लागली तेव्हा उत्पलेच्या पोटात दुखू लागले. नावाड्यांनी नाव पलीकडे नेली आणि सुईण अलीकडे आली. उतरता उतरता ती कुरकुरली की नावेला राळेचा वास फार येतो आणि बसायला धड जागा नाही. सोमिलाने तिचे गाठोडे स्वतःच्या डोक्यावर घेतले. दुपारी उत्पलेला मुलगी झाली. आई वाचली, मूलही वाचले. राजाची स्वारी दुसऱ्याच वाटेने गेली.

सोमिलाने पुढेही दान केले. ओट्यावर तीच झारी राहिली. ज्यांना खरोखर गरज होती ते थेंब पडेपर्यंत थांबत. बाकीचे थोड्या वेळाने उठून जात.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली ती भद्रिल नावाच्या एका उपासकामुळे. भिक्खू रोहक त्याच्याजवळ सहज म्हणाला होता की विहाराच्या स्नानगृहाला कौले कमी पडतात. ऐन पावसाळ्यात भद्रिलाने स्वतःच्या घरावरची कौले उतरवून विहारात आणून दिली. त्याची म्हातारी आई डोक्यावर सूप धरून घरात बसली होती. भिक्खूंनी ही हकीकत शास्त्यांच्या कानावर घातली होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा श्रेष्ठी सोमिल म्हणजे आजचा हा भद्रिल. कमानीसाठी आलेला पिंगल म्हणजे आपला रोहक. उत्पला म्हणजे भद्रिलाची आई. आणि तो कुंभार म्हणजे मीच. दान ही पारमिता आहे, बोधीकडे नेणारा गुण आहे, पण प्रज्ञेवाचून दिलेल्या दानाची किंमत घरातले कोणीतरी मुकाट्याने मोजत असते. देण्याआधी थांबणे, हाही दानाचाच भाग आहे."

भद्रिलाला गहिवरून आले. "भंते, एवढी सुंदर गोष्ट सांगितलीत. या गोष्टीबद्दल मी आत्ताच्या आत्ता..."

"भद्रिला," शास्ते म्हणाले, "तुझी आई आत्ता कुठे बसली आहे?"

बाहेर पाऊस पडत होता. भिक्खू रोहक कोणी न सांगता उठला, स्नानगृहाकडे गेला आणि कौले उतरवू लागला. भद्रिल शिडी धरायला गेला.

त्या संध्याकाळी म्हातारीने डोक्यावरचे सूप खाली ठेवले.