कड्याने परत न दिलेलं गाणं

त्या राज्यात कुठलं गाणं चांगलं आणि कुठलं वाईट, हे कोणी आपल्या कानांनी ठरवत नसे. ते काम कड्याचं होतं.

कडा राज्याच्या उत्तरेला होता, काळा आणि सरळसोट. प्रत्येक ऋतूच्या पहिल्या सकाळी दरीच्या अलीकडच्या सपाट खडकावर गाणारे जमत आणि एकेक जण पुढे होऊन आपलं नवं गाणं म्हणे. बहुतेक गाणी कडा गिळून टाकी. एखादं मात्र तो परत देई, एकदा नव्हे, सात वेळा. आणि वारा ते पडसाद खोऱ्यातून थेट शेवटच्या वारुळापर्यंत घेऊन जाई. मग पुढचा ऋतू लागेपर्यंत राज्यात दुसरं गाणं नसे. मुंग्या त्या चालीवर रांग धरत, हरिणी त्याच चालीवर पाडसांना निजवत. ज्यांचं गाणं परत येई त्यांना नदीकाठच्या उंबरबनात राहायला मिळे. बाकीचे माळावर, बोरीबाभळींच्या काट्यांत.

तुराई नावाच्या बुलबुलीचं गाणं दोनदा परत आलं होतं.

ती माळावरचीच. तिच्याबरोबर ठोकोबा नावाचा सुतार पक्षी वठलेल्या खोडावर ताल धरी आणि डबकनाथबुवा नावाचा वयस्कर बेडूक मागून खर्ज लावी. त्यांचं 'पिकलं उंबर' परत आलं, आणि त्याच वर्षी 'उडी घे गं' सुद्धा. तिघं उंबरबनात राहायला आली. त्यानंतर त्यांनी अकरा गाणी म्हटली. अकराही कड्याने गिळली.

कोणी त्यांना विसरलं मात्र नव्हतं. बारशाला, लग्नाला, नवी पिसं आल्याच्या सोहळ्याला त्यांना हमखास बोलावणं येई, आणि तीच दोन गाणी म्हणायला सांगत. तुराईने तिसरं सुरू केलं की श्रोते पाणी प्यायला उठत. एका साळिंदराच्या लग्नात तर एका म्हाताऱ्या कोल्हीणबाईंनी तिला कौतुकाने जवळ बोलावलं.

"तू 'पिकलं उंबर'वाली ना गं? अजून तोंडात आहे बघ माझ्या. आता काय करतेस?"

"गाते."

"ते झालं गं, पण करतेस काय?"

तुराईने हसून वेळ मारून नेली. 

हिवाळा सरत आला तेव्हा खडकावरची व्यवस्था पाहणारा हुपाजी वानर त्यांच्या झाडाखाली आला. तो वाईट नव्हता, पण नियमाला धरून होता.

"तुराईबाई, तीन वर्षं होत आली. तीन वर्षांत एकही पडसाद नाही, तर झाड सोडायचं आणि खडकावर पुन्हा चढायचं नाही. वसंताची पहिली सकाळ तेवढी तुमच्या हातात आहे."

"आणि कडा गप्पच राहिला तर?"

"तर मी तरी काय करणार? ठरवणारा कडा."

हुपाजी गेल्यावर तुराई उत्तरेकडे वळली. मग म्हणाली, "ठोकोबा, ठरवणाऱ्याला एकदा भेटून यायला हवं."

आजवर कोणी कड्यापर्यंत गेलं नव्हतं. दरीतून येणारा वारा लहान पाखरांना पाचोळ्यासारखं भिरकावून देई. एका घारीने तिला स्पष्ट सांगितलं, की हे बुलबुलीच्या पंखांचं काम नव्हे. तुराईने ऐकून घेतलं आणि निघाली. पहिल्या दिवशी वाऱ्याने तिला अर्ध्यातून माघारी फेकलं. दुसऱ्या दिवशी ती कड्यावर आदळली आणि शेपटीची दोन पिसं गेली. तिसऱ्या दिवशी तिने उडणं सोडलं. दरीत उतरून ती पायथ्याशी पोहोचली आणि खाचेतून खाचेत उड्या मारत, नखांनी धरत, वर चढू लागली. ठोकोबा तिच्या मागोमाग होता आणि वाटभर कुरकुरत होता.

वर एक कपार होती. ठोकोबाने आत जाऊन चोचीने भिंत ठोकली, कान लावला, पुन्हा ठोकली. सगळं आयुष्य पोकळ आणि भरीव ओळखण्यात गेलेला तो पक्षी. त्याला फार वेळ लागला नाही.

"भोक आहे," तो म्हणाला. "आखूड आणि वाकडं. झटकन वर चढून झटकन खाली येणारा सूर तेवढा यातून फिरून बाहेर पडेल. लांब सूर आतच जिरणार."

तुराईने 'पिकलं उंबर' म्हटलं. ते तत्काळ परत आलं. 'उडी घे गं' आलं. मग तिने अकरा गाणी एकेक करून म्हटली. एकही आलं नाही. इतकी वर्षं ती समजत होती, की कड्याला तिची दोन गाणी आवडली आणि पुढे तिच्यात काहीतरी कमी झालं. रात्र रात्र ती ते कमी झालेलं शोधत होती. आणि इथे आवडायला कोणी नव्हतंच. तिला हसू फुटलं. मग ते हसू कुठेतरी अडकलं, आणि ती कपारीच्या तोंडाशी पाठ फिरवून बसली.

ठोकोबा मात्र हर्षाने नाचत होता. "अगं, आता माप कळलं! मापाचं गाणं कर!"

तिने केलं. दुपार व्हायच्या आत झालं. पानावरून दवाचा थेंब घसरतो, एवढाच त्याचा विषय. भोकाने ते सातही वेळा स्वच्छ परत दिलं.

दोघं परतल्यावर बुवांनी सगळं ऐकून घेतलं, थेंबाचं गाणंही ऐकलं. "छान आहे," ते म्हणाले, आणि पाण्याकडे पाहू लागले.

"बुवा, मनात काय आहे ते सांगा."

"चिखलातलं गाणं कधी म्हणणार, एवढंच आलं मनात."

ते गाणं गेल्या उन्हाळ्यातलं. उंबरबनातलं तळं आटलं तेव्हा बुवा चिखलाखाली गेले, आणि वरचा चिखल वाळून दगड झाला. तुराई रोज सकाळी त्या भेगाळलेल्या तळावर बसून एक ओळ म्हणे, उत्तरासाठी थांबे, आणि उत्तर आलं नाही की पुढची ओळ म्हणे. असे चार महिने गेले. तळ्यात पाणी आलं आणि बुवा वर आले, ते हडकलेले, डोळे मिचकावत. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "रोज ऐकत होतो. तोंड उघडलं असतं तर चिखल गेला असता घशात." ते गाणं तसंच राहिलं होतं, प्रत्येक ओळीनंतर उत्तराएवढी मोकळी जागा ठेवलेलं. खडकावर ते कधी म्हटलं गेलं नव्हतं.

"तेच म्हणायचं," तुराई म्हणाली.

ठोकोबाचा तुरा ताठ झाला. "वेडी आहेस का? कड्यात लांब सूर जिरतो, हे आपण कालच ठोकून पाहिलं. माप हातात असताना मुद्दाम हरायचं?"

"हरायचं नाही. म्हणायचं."

"मला काट्यांत परत जायचं नाही, तुराई. माझं वय झालं. तुला सोपं आहे बोलायला."

"सोपं नाही," ती म्हणाली. "तुझं म्हणणं खोटंही नाही. पण थेंबाचं गाणं परत आलं की चौथं मापाचं करावं लागेल, मग पाचवं. त्या भोकासाठी गायला मी आता चढणार नाही. तुम्हा दोघांना खाली थांबायचं असेल तर थांबा, मी रागावणार नाही. मी एकटी म्हणेन."

ठोकोबा उडून गेला. वसंत लागेपर्यंत तो परतला नाही.

त्या सकाळी खडकाखालचा उतार प्राण्यांनी गच्च भरला होता. सगळे नेहमीसारखेच कड्याकडे तोंड करून, कान टवकारून बसले होते. गाणारा वर त्यांच्या मागे असे, आणि त्याला दिसत त्या नुसत्या पाठी. मुंगसांच्या, सशांच्या, हरणांच्या पाठी, खालपर्यंत. हुपाजीने तुराईचं नाव पुकारलं. ती पुढे झाली. बुवा तिच्या शेजारी येऊन बसले. मागचं वठलेलं खोड रिकामं होतं.

तिने श्वास घेतला, तोच मागून एक ठोका पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. तो थेंबाचा ताल नव्हता.

तिने मान वळवली नाही. 

तिने पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली. कडा गप्प होता. दुसरी ओळ. कडा गप्प. उतारावर चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी जांभई दिली, हुपाजीने खाली मान घातली. तुराई तितकीच थांबली जितकं थांबायला हवं होतं, एक क्षणही कमी नाही, आणि तिने तिसरी ओळ उचलली. तिचा आवाज कापत नव्हता.

चौथ्या ओळीनंतरच्या शांततेत खालच्या एका मुंगसिणीला वाटलं, गाणं संपलं असावं. गाणारी गेली का, हे पाहायला तिने मागे वळून पाहिलं. खडकावर दोन पिसं तुटलेली एक बुलबुल डोळे मिटून, चोच किंचित उघडी ठेवून, कशाची तरी वाट पाहत होती. मुंगसिणीने मान परत फिरवली नाही. पुढची ओळ सुरू झाली तशी ती पूर्ण वळून बसली. तिचा धक्का लागला म्हणून शेजारचा ससा त्रासून वळला, आणि तोही तसाच राहिला. मग एका साळिंदराचे काटे खुळखुळले. मग हरणांची एक ओळ.

शेवटच्या ओळीआधी तुराईने डोळे उघडले. समोर, त्या खडकावरून पहिल्यांदाच, तिला डोळे दिसले. आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे, दरीपलीकडे, कोणी बघत नसलेला कडा उभा होता.